मीटिंग आउल ३: टेबलाच्या मधोमध ठेवलेला कॅमेरा घरी बसलेल्याला काय देतो?

हायब्रिड, म्हणजे काही जण खोलीत आणि काही घरून असलेल्या बैठकीसाठी घेतलेल्या उपकरणाचा निवाडा खोलीत बसून करता येत नाही. खोलीतल्यांना एकमेकांचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. उपकरण काढून ठेवलं तरी त्यांची बैठक होतेच. ते ज्याच्यासाठी आणलं तो घरी लॅपटॉपसमोर हेडफोन लावून बसलेला असतो. कोण बोलतंय हे त्याला कळतं का, शेवटच्या खुर्चीवरचं वाक्य त्याच्यापर्यंत अख्खं पोचतं का, आणि मध्ये बोलायला त्याला जागा मिळते का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. आउल लॅब्ज या अमेरिकी कंपनीचं मीटिंग आउल ३ इथे याच तीन प्रश्नांवर तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. टेबलाभोवती चार ते आठ माणसं बसून एकमेकांकडे बघत चर्चा करत असतील, तर या किमतीला आणि इतक्या कमी खटपटीत याहून चांगला पर्याय सापडणं अवघड आहे. भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून सादरीकरण ऐकायचं असेल, तर हे चुकीचं उपकरण आहे. आणि खोली काच, टाइल आणि पीओपी अशी सगळी कडक पृष्ठभागांची असेल, तर आधी खोलीवर खर्च करा, मग आउलवर.

२०२२ मध्ये आलेलं हे उपकरण सुमारे २७ सेंटिमीटर उंच आणि सव्वा किलोच्या आसपास वजनाचं आहे. डोक्यावर ३६० अंशांत बघणारं भिंग, आत आठ माइक आणि तीन स्पीकर. भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घ्यायची, यूएसबी-सी केबल लॅपटॉपला लावायची, आणि झूम, टीम्स किंवा मीटमध्ये कॅमेरा, माइक, स्पीकर या तिन्ही ठिकाणी ‘मीटिंग आउल’ निवडायचं. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वाय-फाय लागतं ते नोंदणी, अपडेट आणि दोन आउल जोडण्यासाठी. बैठकीचा आवाज आणि चित्र केबलमधूनच जातं. यूएसबीवर मात्र ते चालत नाही, त्याला स्वतःचा वीजपुरवठा हवाच. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, आउल आणि राउटर बंद पडतात. दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर घ्यावेत.

‘स्पीकर’ची निवड हमखास चुकते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. खोलीत मोठा टीव्ही असतो, एचडीएमआय लावलं की लॅपटॉप आवाजही तिकडे पाठवतो, आणि टीव्हीचा आवाज मोठा म्हणून लोक तसंच ठेवतात. मग घरच्या माणसाला स्वतःचंच बोलणं क्षणभराने परत ऐकू येतं. आउलमधली प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा आपल्या स्पीकरमधून काय वाजणार आहे हे आधी जाणून घेते आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून तेवढं वजा करते. टीव्हीतून काय वाजतंय हे तिला माहीतच नसतं. झूम किंवा टीम्सचीही अशी यंत्रणा असते, पण टीव्ही स्वतःच्या प्रक्रियेमुळे आवाज थोडा उशिरा सोडतो आणि तो उशीर तिला प्रत्येक वेळी नीट पकडता येत नाही. त्यामुळे चित्र टीव्हीवर आणि आवाज आउलवर, हीच जोडी. बैठक सुरू झाल्यावर एचडीएमआय केबल काढून परत लावली तर निवड पुन्हा टीव्हीकडे उडी मारू शकते. तेवढं तपासून घ्यावं.

आता चित्र. आउल लॅपटॉपला १०८०पीचं एकच चित्र देतं. त्यात वर अख्ख्या खोलीची आडवी पट्टी असते आणि खाली बोलणाऱ्यांची चित्रं, एका वेळी जास्तीत जास्त तीन. कल्पना उत्तम आहे: खोलीत कोण कोण आहे हे पट्टीत कळतं आणि बोलणाऱ्याचा चेहरा खाली मोठा दिसतो. पण आकड्यांत मांडलं की मर्यादा दिसते. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, तेवढ्यात ३६० अंश बसवायचे, म्हणजे एका अंशाला सव्वापाच पिक्सेल. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा १६ सेंटिमीटर रुंद चेहरा भिंगाला साधारण ६ अंशांत दिसतो, म्हणजे पट्टीत त्याच्या वाट्याला ३३ पिक्सेलच्या आसपास येतात. घरच्याच्या पडद्यावर गॅलरीत, म्हणजे सगळ्यांच्या चौकटी शेजारी शेजारी दिसतात तिथे, आउलची चौकट ४८० पिक्सेल रुंद असेल तर तोच चेहरा ८ पिक्सेलचा उरतो. त्यातून मान डोलली की कपाळाला आठी पडली हे कळणार नाही. पट्टी हजेरीपुरतीच समजावी.

खालचे चेहरेही याच हिशोबात अडकतात. तिघे दिसत असताना प्रत्येकाला १९२०चा तिसरा हिस्सा, ६४० पिक्सेल मिळतात. ४८०च्या चौकटीत ते १६० होतात. घरून प्रत्येक माणूस मात्र स्वतःची अख्खी चौकट घेऊन बसलेला असतो. सहा जणांची खोली एका चौकटीत आणि घरचा एकटा माणूसही तेवढ्याच चौकटीत, ही विषमता सॉफ्टवेअर मोडत नाही तोवर कॅमेऱ्याला एकट्याने मोडता येत नाही. म्हणून होस्टने बैठकीच्या सुरुवातीलाच आउलची चौकट सगळ्यांसाठी स्पॉटलाइट करावी, म्हणजे ती सगळ्यांना मोठी दिसते. ते जमत नसेल तर घरच्यांनी आपापल्या पडद्यावर ती पिन करावी. टीम्समध्ये गॅलरीतली चौकट कडेने कापली जाते आणि पट्टीची दोन्ही टोकं जातात. चौकटीच्या मेनूतला ‘फिट टू फ्रेम’ पर्याय निवडला की पूर्ण चित्र येतं. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय आउलवर अजिबात वापरू नये. ती एका माणसाच्या चित्रासाठी बनवलेली असते. आउलच्या पट्टीत कोणाचं डोकं अर्धं गायब होतं, कोणी अख्खाच भिंतीत मिसळतो. झूममध्ये व्हिडिओच्या सेटिंगमधलं एचडी चालू करावं, आणि संस्थेच्या खात्यात अॅडमिनने ते उघडलं आहे का हेही विचारावं, नाहीतर आउलने दिलेलं १०८०पी वाटेतच लहान होतं. झूमच्या शिफारशीप्रमाणे गटबैठकीत ७२०पीसाठी २.६ एमबीपीएस आणि १०८०पीसाठी ३.८ एमबीपीएस अपलोड लागतो. खोलीतला लॅपटॉप वाय-फायऐवजी लॅन केबलवर ठेवला तर हा वेग स्थिर राहतो.

बोलणारा माणूस आउल आवाज आणि चित्र या दोन्हींवरून शोधतं. बोलायला लागल्यावर चेहरा खाली यायला थोडा वेळ जातो आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. प्रत्येक खोकल्याला चित्र बदललं असतं तर बघणाऱ्याला गरगरलं असतं. याची किंमत छोटी बोलणी मोजतात. ‘हो, चालेल’, ‘मला पटत नाही’ एवढंच बोलणाऱ्याचा चेहरा बहुधा दिसतच नाही, आणि निर्णयाच्या वेळी नेमके हेच उद्गार महत्त्वाचे असतात. असहमती नोंदवताना खोलीतल्या माणसाने आधी आपलं नाव सांगावं आणि मग एक पूर्ण वाक्य बोलावं, असा नियम अध्यक्षाने घालून द्यावा. काचेच्या पार्टिशनमध्ये पडणारी प्रतिबिंबं आणि बाहेरून जाणारी माणसंही पट्टीत येतात. डोळ्यांच्या उंचीवर काचेला दूधिया फिल्म लावली की हा त्रास बराच कमी होतो.

मुख्य अडचण नजरेची आहे, आणि ती आउलची एकट्याची नाही. कॅमेरा टेबलावर, पण घरचे लोक दिसतात भिंतीवरच्या टीव्हीत. खोलीतले त्यांच्याशी बोलताना साहजिकच टीव्हीकडे बघतात आणि घरी दिसते ती बाजूची कानशिलं. आपापसांत बोलताना मात्र सगळ्यांचे चेहरे आउलकडे असतात आणि घरच्याला आपणही टेबलाशी बसलोय असं वाटतं. समोरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं नेमकं उलट होतं. दोन्ही एकत्र करण्याचे पर्याय बाजारात आहेत: आउल लॅब्जचाच समोर लावायचा ‘आउल बार’ मीटिंग आउल ३ला जोडता येतो, आणि लॉजिटेकचं साइट हे टेबलावरचं उपकरण त्यांच्या रॅली बारच्या जोडीनेच चालतं. खर्चाची पातळी मात्र तिथे बदलते.

जास्त खर्च न करता बरंच साधता येतं ते बैठकीची मांडणी बदलून. टीव्ही टेबलाच्या एका टोकाला असेल तर आउल अगदी मधोमध ठेवू नये. टीव्हीच्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर आणावं. टीव्हीकडे बघणाऱ्याची नजर मग आउलच्या जवळून जाते आणि चेहरा तीन चतुर्थांश तरी दिसतो. टीव्हीजवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवाव्यात, तिथे बसलेल्याला मान पूर्ण वळवावी लागते. टीव्ही खाली घ्यावा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असला की घरचे लोक टेबलापलीकडे बसल्यासारखे वाटतात. आपल्याकडच्या बहुतेक मीटिंग रूममध्ये टीव्ही छताजवळ टांगलेला असतो आणि सगळे माना वर करून बोलतात. आउलभोवती उंच बाटल्या आणि फुलदाण्या नकोत. भिंग २७ सेंटिमीटरवर असल्यामुळे लॅपटॉपचा उघडा पडदा सहसा आड येत नाही, एक लिटरची बाटली मात्र अख्खा माणूस झाकते.

आउल सरकवलं की लांबच्या टोकाचा आवाज लांब जातो. इथे खऱ्या अर्थाने कस लागतो, कारण अंधुक चित्रावर बैठक निभावते, अंधुक आवाजावर नाही. कंपनी माइकचा पल्ला १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर सांगते. त्या अंतरावरून आवाज पकडला जातो हे खरं. समजेल असा पकडला जाईलच असं नाही. माणसाचा आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी येतो: सरळ, आणि भिंती, काच, छत यांवर आपटून. अंतर दुप्पट झालं की सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, आपटून येणारा खोलीभर जवळजवळ सारखाच राहतो. एका ठरावीक अंतरावर दोन्ही बरोबरीला येतात आणि त्यापुढे प्रतिध्वनी वरचढ होतो.

हे अंतर मोजता येतं. सहा बाय चार मीटरची, तीन मीटर उंचीची खोली घ्या: घनफळ ७२ घनमीटर. काच, व्हिट्रिफाइड टाइल आणि पीओपीच्या छताने भरलेल्या अशा खोलीत आवाज विरायला एक सेकंद सहज लागतो. ७२ भागिले १, त्याचं वर्गमूळ साधारण ८.५, त्याला ०.०५७ या ठरलेल्या गुणकाने गुणलं की ०.४८ मीटर. बोलणाऱ्याचा आवाज पुढच्या दिशेला जास्त जातो, म्हणून त्याला १.४ने गुणा: सुमारे ०.७ मीटर. म्हणजे हाताच्या अंतरापलीकडे बसलेल्या प्रत्येकाच्या बोलण्यात सरळ आवाजापेक्षा खोलीचाच आवाज जास्त आहे. आउलचे आठ माइक बोलणाऱ्याच्या दिशेला कान लावतात आणि हे अंतर बरंच ताणतात, पण शून्यातून काही निर्माण करत नाहीत. अशा खोलीत दोन-अडीच मीटरपलीकडे शब्दांची टोकं विरघळायला लागतात.

विरण्याचा वेळ एका सेकंदावरून अर्ध्यावर आणायचा तर या खोलीत ध्वनिशोषण दुप्पट व्हायला हवं. गणित सोपं आहे: ०.१६१ गुणिले घनफळ भागिले वेळ. उत्तर येतं ते आवाज पूर्ण शोषणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात: एका सेकंदासाठी ११.६ चौरस मीटर, अर्ध्यासाठी २३.२. म्हणजे आणखी ११.६ चौरस मीटर शोषण हवं. चांगलं ५० मिलिमीटर जाडीचं ध्वनिशोषक पॅनेल आपल्या क्षेत्रफळाच्या नऊ-दशांश शोषतं असं धरलं, तर सुमारे १३ चौरस मीटर, म्हणजे १४० चौरस फूट पॅनेल लागेल. पीओपीच्या जागी मिनरल फायबरचं चांगल्या प्रतीचं फॉल्स सीलिंग घातलं तर २४ चौरस मीटरचं छत एकट्यानेच हे काम करतं. पॅनेल लावायचीच असतील तर समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर आणि बसलेल्याच्या डोक्याच्या उंचीला लावावीत. पातळ फोमचे त्रिकोणी तुकडे आणि वॉलपेपर उपयोगाचे नाहीत. ते वरची कर्कश टोकं शोषतात आणि बोलण्यातला खालचा घुमारा तसाच ठेवतात. जाड पडदा भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून, भरपूर चुण्या ठेवून लावला तर स्वस्तात बरंच साधतं.

पंखा बंद ठेवावा. एसीचा झोत आउलवर किंवा बोलणाऱ्यावर थेट येऊ देऊ नये. टीम्समधलं आवाजातला गोंगाट काढण्याचं सेटिंग ‘लो’वर ठेवावं, आउल स्वतः ते काम करतं, आणि दोन चाळण्या एकापुढे एक लावल्या की शब्दांची सुरुवात कापली जाते. झूममध्ये माइकची पातळी आपोआप बदलण्याचा पर्याय बंद ठेवून पाहावा, जवळच्या आणि लांबच्या माणसाच्या आवाजातली उडी बहुधा कमी होते. लांब टेबलासाठी कंपनीचा जोडमाइक आहे. तो साधारण अडीच मीटर पल्ला वाढवतो आणि आउल टीव्हीकडे सरकवल्यावर दुसऱ्या टोकाला ठेवायला नेमका बसतो. दोन आउल बिनतारी जोडता येतात, पण दहाच्या आत माणसं असतील तर दुसऱ्या आउलच्या पैशात खोलीचं छत आधी बदलावं.

तिसरा प्रश्न, मध्ये बोलण्याची जागा. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी फक्त २०० मिलिसेकंद लागतात. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ शिफारस. म्हणजे जाळं उत्तम असलं तरी घरच्याला खोलीतलं वाक्य संपल्याचं कळून त्याचा आवाज परत खोलीत येईपर्यंत दुसरा कोणी बोलायला लागलेला असतो. भिडस्त माणूस दोनदा प्रयत्न करतो आणि गप्प बसतो. कोणताही कॅमेरा हे सोडवू शकत नाही. हात वर करण्याची एकच रांग दोन्ही बाजूंना लागते, आणि त्यासाठी खोलीतल्या प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवरूनही बैठकीत यावं लागतं.

गूगल मीटचा २०२२ मध्ये आलेला कम्पॅनिअन मोड हे काम सगळ्यात स्वच्छ करतो. त्यात माइक आणि स्पीकर बंदच असतात, त्यामुळे एका खोलीत दहा लॅपटॉप असले तरी शिट्टी वाजत नाही. हात वर करणं, चॅट, मतदान चालू राहतं. टीम्समध्ये येताना ऑडिओ न वापरण्याचा पर्याय निवडावा, झूममध्ये कॉम्प्युटर ऑडिओ जोडूच नये. फक्त म्यूट करणं पुरेसं नाही. एखाद्याचा स्पीकर चालू राहतो, त्यातला आवाज आउल पकडतं आणि कोणाच्या लॅपटॉपमधून गोंधळ चाललाय ते शोधण्यात वेळ जातो. यातून दुसरीही उणीव थोडी भरून निघते. आउलमार्फत आलेले सगळे आवाज सहभागींच्या यादीत एकाच नावाखाली असतात, त्यामुळे आपोआप होणाऱ्या लेखी नोंदीत सहा जणांचं बोलणं ‘मीटिंग रूम’ नावाच्या एकाच माणसाचं दिसतं. खोलीत कोण आहे हे निदान यादीत कळतं. कोण काय बोललं याची नोंद मात्र कार्यवृत्त लिहिणाऱ्यालाच हाताने ठेवावी लागते.

फळ्याची आशा ठेवू नये. १०८०पीच्या एका भागात भिंतीवरचं मार्करने लिहिलेलं वाचता येत नाही. डिजिटल व्हाइटबोर्ड वापरावा, किंवा फोन स्टँडवर लावून फळ्यासाठी वेगळा सहभागी करावा, ऑडिओशिवाय. २०२४ मध्ये याच कंपनीचं ४केचं मीटिंग आउल ४ प्लस आलं. तपशील त्यात जास्त आहे, पण बैठकीचं सॉफ्टवेअर ७२०पी किंवा १०८०पीच पाठवणार असेल तर तो घरापर्यंत पोचत नाही.

सुरक्षेची माहिती घेणाऱ्याला असायलाच हवी. २०२२ मध्ये मॉडझीरो या स्विस संस्थेने आउलच्या आधीच्या प्रो मॉडेलमधल्या गंभीर त्रुटी जाहीर केल्या: पासकोड ओलांडता येत होता, आणि उपकरणाला वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट बनवणाऱ्या मोडचा पासवर्ड आतच कायमचा लिहिलेला होता. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्यातली एक त्रुटी प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. कंपनीने त्याच जूनमध्ये दुरुस्तीचे अपडेट दिले. वापरलेलं प्रो स्वस्तात मिळत असेल तर आधी अपडेट आणि मगच बैठक. मीटिंग आउल ३ घेतलं तरी पासकोड लावावा, आउल पाहुण्यांच्या वाय-फायवर ठेवावं, कार्यालयाच्या मुख्य जाळ्यावर नाही, आणि बैठक नसताना वीज बंद करावी. चौफेर बघणारा कॅमेरा आणि आठ माइक विनाकारण जागे कशाला ठेवायचे?

अमेरिकेत ३ची जाहीर किंमत १,०४९ डॉलर होती. भारतात घेताना जीएसटीसह बिल, हमी कोण देणार आणि बिघडलं तर उपकरण देशातच बदलून मिळणार का, हे लेखी घ्यावं. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून ते आपल्याच खोलीत लावून मागावं. एकाने घरी जाऊन साध्या हेडफोनवर ऐकावं. खोलीतल्या सगळ्यात लांबच्या खुर्चीवरून, एसी चालू ठेवून, नेहमीच्या आवाजात वीस आकडे वाचावेत: सात, साठ, आठ, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकसष्ट, एकाहत्तर, पंचवीस, पस्तीस असे कानाला फसवणारे. घरच्याने ऐकू येतील तसे लिहून घ्यावेत. मग दोघांनी खोलीत एकाच वेळी बोलावं आणि घरच्याने मध्येच ‘थांबा’ म्हणावं. खोलीत ते ऐकू आलं का ते पाहावं. वीसपैकी दोनाहून जास्त आकडे चुकले तर आउल मीटरभर जवळ आणून तीच यादी पुन्हा वाचावी. तेव्हा आकडे नीट आले तर जोडमाइक मागवावा. तरीही चुकले तर विक्रेत्याला थांबायला सांगून छताचं काम करणाऱ्याला आधी बोलवावं.